हे आश्वासन कोणत्या भिंतीवर?

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस, शाळा उघडण्याआधीच्या बैठकीत, शेजारच्या वर्गावरची सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "या वर्षी नोव्हेंबरपर्यंत तेरा वसाहतींचा इतिहासच चालू ठेव. निवडणूक होऊन जाऊ दे, मग सरकारची तीन अंगं घे. कशाला डोक्याला ताप?"

ती काळजीपोटीच बोलत होती. मी अमेरिकेत, फिलाडेल्फियाबाहेरच्या एका गावात, सरकारी शाळेत आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. पेनसिल्व्हेनिया म्हणजे त्या वर्षीचा निवडणुकीचा आखाडा. १३ जुलैला आमच्याच राज्यातल्या बटलरमध्ये भर सभेत ट्रम्प यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २१ जुलैला बायडन यांनी उमेदवारी सोडली, आणि शाळा उघडेपर्यंत घरोघरच्या अंगणात पाट्या रोवल्या गेल्या होत्या. वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारातला बर्फ उपसून देणारे शेजारी बोलेनासे झाले होते. त्यांची मुलं माझ्या वर्गात एकाच टेबलाशी बसणार होती.

तरी मी तिचं ऐकलं नाही. २०२० मध्ये मी हे दोन विषय वेगवेगळे शिकवले होते. सप्टेंबरात तीन अंगं: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. ऑक्टोबरात प्रचार: घोषणा, पोस्टर, जाहिराती. चाचणीत मुलांनी तीन अंगांची आकृती बिनचूक काढली, आणि त्याच मुलांनी निबंधात लिहिलं की आमचा उमेदवार निवडून आला की पहिल्याच दिवशी कर कमी करेल. एका हुशार मुलीची दोन्ही उत्तरं मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते. आकृती तिला पाठ होती. प्रचारात भाषण करणारा माणूसही त्याच आकृतीत बसतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

म्हणून या खेपेला दोन्ही धडे एकत्र घ्यायचे ठरवले.

१७ सप्टेंबरला इथे संविधान दिन असतो. १७८७ साली त्या तारखेला फिलाडेल्फियात संविधानावर सह्या झाल्या. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळांना त्या दिवशी संविधानाबद्दल काहीतरी शिकवावंच लागतं. मी पहिले तीन अनुच्छेद मोठ्या अक्षरांत छापले, मुलांना कात्र्या दिल्या आणि एकेक ओळ कापून चिकटपट्टीने एकापुढे एक जोडायला सांगितली. पहिला अनुच्छेद काँग्रेसचा, म्हणजे प्रतिनिधीगृह (हाऊस) आणि सिनेट मिळून होणाऱ्या इथल्या कायदेमंडळाचा, दुसरा राष्ट्राध्यक्षांचा, तिसरा न्यायालयांचा. तिन्ही पट्ट्या फळ्याजवळच्या एकाच खुणेपासून सुरू करून आम्ही भिंतीवर लावत गेलो. न्यायालयांची पट्टी लवकरच संपली. राष्ट्राध्यक्षांची तिच्या अडीच-तीन पट गेली. काँग्रेसची पट्टी मात्र संपेचना. कोपऱ्यातून वळली, खिडकीखालून गेली, दारापाशी पोचली तेव्हा न्यायालयांच्या पट्टीच्या सहा पट झाली होती.

वर्ग गप्प झाला. मग मागच्या टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, "मग टीव्हीवर सारखे राष्ट्राध्यक्षच का दिसतात?"

पुढचे दोन महिने आमचा वर्ग या एका प्रश्नावर चालला, असं म्हटलं तरी चालेल.

मला हा विषय असा शिकवावासा वाटतो त्यामागे मिरज आहे. माझे वडील, आप्पा, मिरजेत शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे. मीही त्यांच्याच वर्गात शिकले. तिथे मनात पक्कं बसलं होतं की सरकार लोकसभेतून निघतं आणि लोकसभेचा विश्वास गेला की पडतं. इथे आल्यावर तेच जड गेलं. इथला राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो, त्याच्या मंत्र्यांनाही सदस्य राहता येत नाही, आणि काँग्रेसने त्याचं एकही विधेयक मंजूर केलं नाही तरी त्याची चार वर्षं चालूच राहतात. आपल्या मराठीने हा फरक फार छान धरून ठेवलाय. दिल्लीतले ते राष्ट्रपती, वॉशिंग्टनमधले ते राष्ट्राध्यक्ष. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे वर्गातली एक तेलुगू घरातली मुलगी गोंधळली होती: "भारताचे प्रेसिडेंट मोदी ना?" तिच्या त्या प्रश्नातून मला एक अख्खा तास मिळाला.

त्या तासाला मी मुलांना १७ एप्रिल १९९९ ची गोष्ट सांगितली. आम्ही सगळे टीव्हीसमोर, आप्पा उभेच, आणि लोकसभेच्या फलकावर आकडे: बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने वाजपेयींचं सरकार गेलं. मुलांना ते खरंच वाटेना. मग त्यांना १८६८ मध्ये नेलं. अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, सिनेटमध्ये दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागत होती, ३५ विरुद्ध १९ झाली आणि एका मताने ते वाचले. तिकडे एका मताने सरकार गेलं, इकडे एका मताने राष्ट्राध्यक्ष राहिले. एका मुलाने दोन्ही आकडे वहीच्या कव्हरवर लिहून घेतले. त्याची गोष्ट पुढे येणार आहे.

मग आम्ही कायदा करून पाहिला. सव्वीस मुलं: चौदा प्रतिनिधीगृहात, सहा सिनेटमध्ये, एक राष्ट्राध्यक्ष, तीन न्यायाधीश, दोन पत्रकार. विधेयक त्यांनीच निवडलं: जेवणाच्या सुट्टीत फोन वापरायला परवानगी. प्रतिनिधीगृहात सहज मंजूर झालं. सिनेटने त्यात "फोटो काढायचे नाहीत" घातलं, ते परत गेलं, तडजोड झाली, आणि राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुलीने नकाराधिकार वापरला. कारण तिने लेखी दिलं: ज्यांच्याकडे फोन नाही ती मुलं जेवताना एकटी पडतील. आता दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश हवेत. प्रतिनिधीगृहात दहा मतं लागत होती, बरोबर दहा पडली. सिनेटमध्ये चार लागत होती, तीन पडली. विधेयक तिथेच संपलं.

एक मुलगी रागाने लाल झाली होती. "बहुतेक सगळ्यांना हवं होतं, तरी झालं नाही. हे बरोबर आहे का?" मी उत्तर दिलं नाही. हा प्रश्न तिने बरोबर घेऊन जावा असं मला वाटत होतं. न्यायाधीशांना तर कामच मिळालं नाही, तेही त्यांना खटकलं. खटला कोणी आणल्याशिवाय न्यायालय बोलत नाही, हे त्यांना त्या रिकाम्या बसण्यातूनच समजलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना सांगितलं, घरी पोस्टाच्या पेटीत येणारी प्रचारपत्रकं टाकू नका, वर्गात आणा. आमच्या भागात तेव्हा दिवसाला चार-पाच तरी यायची. बुटांचं एक मोठं खोकं आठवड्यात भरलं. दोन्ही पक्षांची पत्रकं, गुळगुळीत, जड कागदाची. एकावर शेतात उभा उमेदवार, दुसऱ्यावर विरोधकाचा मुद्दाम काळपट केलेला चेहरा. मुलांनी दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक पत्रकातून एकच गोष्ट शोधायची: निवडून आल्यावर काय करणार, ते नेमकं वाक्य. कित्येक पत्रकांत असं एकही वाक्य नव्हतं, फक्त दुसरा किती वाईट हे होतं. ती आम्ही वेगळी ठेवली. तो गठ्ठा जास्त उंच झाला.

वर्गाच्या तीन भिंतींवर मी तीन मोठे कागद लावले होते. पहिल्यावर "राष्ट्राध्यक्ष एकटे करू शकतात", दुसऱ्यावर "काँग्रेस लागेल", तिसऱ्यावर "कोर्टात जाईल". प्रत्येक आश्वासन कोणत्या भिंतीवर जाणार हे जोडीने ठरवायचं, आणि अनुच्छेदातली ओळ बोटाने दाखवायची. नुसतं "मला वाटतं" चालणार नाही. पट्ट्या भिंतीवर होत्याच, मुलं उठून जाऊन ओळ शोधायची.

सगळ्यात चांगलं आश्वासन टिपवरच्या कराचं निघालं. ट्रम्प यांनी जूनमध्ये लास व्हेगासला सांगितलं की टिपवर कर लावणार नाही. ऑगस्टमध्ये त्याच शहरात, बायडन यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस यांनीही तेच सांगितलं. दोघांचं एकच आश्वासन, त्यामुळे कोणाच्या घरची बाजू घ्यायचा प्रश्नच उरला नाही. वहीवर आकडे लिहिणाऱ्या त्या मुलाची आई एका डायनरमध्ये वाढायचं काम करते. पेनसिल्व्हेनियात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालक तासाला २.८३ डॉलर देऊ शकतो, बाकी बरंचसं गिऱ्हाइकाच्या हातात. आकडा त्याला तोंडपाठ होता. तो पट्टीपाशी गेला, पहिल्या अनुच्छेदाचं सातवं कलम शोधलं आणि मोठ्याने वाचलं: महसूल उभा करणारी सगळी विधेयकं प्रतिनिधीगृहातच सुरू झाली पाहिजेत. मग त्याने ते पत्रक दुसऱ्या भिंतीवर लावलं आणि काही वेळ तिथेच उभा राहिला. "म्हणजे यांच्यापैकी कोणीच एकट्याने करू शकत नाही," तो म्हणाला. "मग आमच्या भागातला प्रतिनिधी कोण आहे?"

त्याला नाव माहीत नव्हतं. सव्वीसपैकी तिघांना माहीत होतं. त्या दिवशीचा घरचा अभ्यास तोच झाला.

आयात कराच्या पत्रकावर माझी चूक झाली. मुलांनी ते दुसऱ्या भिंतीवर लावलं, कारण आठव्या कलमात जकात बसवायचा अधिकार काँग्रेसचाच आहे, आणि मी "बरोबर" म्हणून पुढे गेले. रात्री तपासलं तर तेवढंच खरं नव्हतं. काँग्रेसने वेळोवेळी कायदे करून यातला काही अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे दिलाय, उदाहरणार्थ राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी १९६२ च्या व्यापार कायद्याने. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर ते सांगितलं. बराच वाद झाला आणि मुलांनी पत्रक दोन भिंतींच्या बरोबर कोपऱ्यात, अर्धं इकडे अर्धं तिकडे, दुमडून लावलं. मला ते इतकं पटलं की ती कोपऱ्याची जागा मी वर्षभर तशीच ठेवली. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जमाफीचं पत्रक तिसऱ्या भिंतीवर गेलं. बायडन यांची मोठी कर्जमाफी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ ला रद्द केली होती, तो निकाल मुलांना अजून ऐकून माहीत होता.

मग व्हायचं तेच झालं. एका पालकांनी थेट वर ई-मेल केली: वर्गाच्या भिंतीवर प्रचाराची पत्रकं लावलीत, शिक्षिका प्रचार करतात. मी वर्ग दाखवायची तयारी दाखवली, पण ते आले नाहीत. पत्रकं उतरवायला सांगण्यात आलं. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. दोन्ही बाजूंची पत्रकं मोजून सारखी ठेवायला मी रोज संध्याकाळी थांबत होते. मी पत्रकं उतरवली. दुसऱ्या दिवशी मुलांनी प्रत्येक आश्वासन साध्या पांढऱ्या कार्डावर आपल्या हाताने, उमेदवाराचं नाव न लिहिता, उतरवलं. आणि काम खरोखर सुधारलं. चेहरा गेल्यावर मुलं वाक्य वाचायला लागली. "हे आपलं की त्यांचं?" हे विचारणं चार-पाच दिवसांत बंद झालं. आता मी पुढच्या निवडणुकीला पहिल्यापासून पांढरी कार्डंच वापरणार आहे.

ऑक्टोबरात सहल फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरला गेली. १० सप्टेंबरचा ट्रम्प-हॅरिस वादविवाद तिथेच झाला होता, त्यामुळे मुलांना ती इमारत आधीच टीव्हीवरून ओळखीची. आत एका दालनात १७८७ च्या सभेतल्या माणसांचे पुरुषभर उंचीचे ब्राँझचे ४२ पुतळे आहेत. ३९ सह्या करणारे, आणि तीन असे जे शेवटच्या दिवशी हजर होते पण सही करायला नकार दिला. मुलं त्या तिघांना शोधत फिरली. फोनच्या विधेयकावर चिडलेली मुलगी जॉर्ज मेसन यांच्या पुतळ्याशेजारी उभी राहिली. त्यांची एक मोठी हरकत अशी होती की संविधानात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही. ती सनद १७९१ मध्ये आलीच. परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी येऊन बसली, आणि "नाही म्हणणाऱ्याचाही पुतळा करतात" एवढंच म्हणाली.

इथे राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही, राज्याराज्यांतल्या निर्वाचकांच्या मतांवर ठरतो; हेच इलेक्टोरल कॉलेज. त्यासाठी मी नकाशा नंतर काढला, आधी पिझ्झा की टॅको हे मतदान घेतलं. पाच टेबलं, ज्या टेबलावर ज्याचं बहुमत त्याला त्या टेबलाची सगळी मतं. तीन टेबलांवर पिझ्झा तीन-दोनने जिंकला. चौथ्यावर टॅको चार-एक, पाचव्यावर सहा-शून्य. डोकी मोजली तर टॅको सोळा, पिझ्झा दहा. टेबलं मोजली तर पिझ्झा. आरडाओरडा इतका झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. त्यानंतर ५३८ निर्वाचक, जिंकायला २७०, पेनसिल्व्हेनियाचे १९, हे सांगायला पाच मिनिटं पुरली. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकाने देशाचा निकाल लागला आणि २०१६ मध्ये २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळूनही हिलरी क्लिंटन हरल्या, हे त्यांना आता गणितासारखं कळलं. एका मुलीची मावशी नदीपलीकडे न्यू जर्सीत राहते. "तिच्याकडे पत्रकंच येत नाहीत," ती म्हणाली, आणि का येत नाहीत ते तिनेच उठून फळ्यावर समजावून सांगितलं: तिथे कोण जिंकणार हे आधीच ठरल्यासारखं असतं.

मी स्वतः २०२३ मध्ये नागरिक झाले. त्या परीक्षेला तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असायची, त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर यावे लागायचे. एक अंग जास्त बलवान होऊ नये म्हणून काय असतं, असा एक प्रश्न त्या यादीत होता. मला तो विचारला नाही, याची चुटपुट अजून आहे. ५ नोव्हेंबरला, मंगळवारी, मी राष्ट्राध्यक्षपदासाठी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. कागदावरचा छोटा लांबट गोल पेनाने काळा करायचा आणि कागद यंत्रात सरकवायचा. बाहेर येऊन नकळत डाव्या हाताचं बोट पाहिलं. शाई नव्हती. कोणाला मत दिलं ते मी वर्गात कधी सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

६ तारखेला वर्गात एक मुलगा ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी बॅगेत लपवून आणून मित्राला दाखवत होता आणि एक मुलगी डोकं टेबलावर ठेवून होती. मी फळ्यावर तीन तारखा लिहिल्या: १७ डिसेंबर, निर्वाचक मत देणार. ६ जानेवारी, काँग्रेस मतं मोजणार. २० जानेवारी, शपथविधी. मग कार्डांची भिंत पुन्हा वाचायला घेतली, कोणतं आधी हलेल असं विचारत. त्या मुलीने डोकं वर केलं ते विसाव्या मिनिटाला. तोवर मी तिला हाक मारली नव्हती.

दोन आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं. आप्पांनी व्हॉट्सॲपवर शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मी तो वर्गात मोठ्या पडद्यावर लावला. सुरकुतलेलं बोट, नखावरून खाली उतरलेली जांभळी-काळी रेघ. मुलांनी विचारलं, आजोबांनी कोणाला निवडलं? मी म्हटलं, एका आमदाराला. असे २८८, ते सगळे मिळून ठरवणार मुख्यमंत्री कोण.

"म्हणजे त्यांनी फक्त दुसऱ्या भिंतीला मत दिलं," वहीवर आकडे लिहिणारा मुलगा म्हणाला, "आणि ती भिंत पहिल्या भिंतीवर कोण ते ठरवणार."

मी त्या रात्री आप्पांना हे शब्दशः सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, इतक्या वर्षांत माझ्या एकाही पोराने असं सांगितलं नाही."

जूनमध्ये कार्डं उतरवली आणि खोक्यात घालून घरी आणली. ४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी ज्या अवाढव्य विधेयकावर सही केली, त्यात इतर असंख्य गोष्टींबरोबर टिपचंही कलम होतं. देश त्या विधेयकावरून अजून भांडतोय. टिपपुरतं सांगायचं तर कर सगळा गेला नाही: वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टिप प्राप्तिकरासाठी धरल्या जाणाऱ्या उत्पन्नातून वजा करता येईल, तेही २०२८ पर्यंतच, आणि सामाजिक सुरक्षेची कपात चालूच राहील. त्याच आठवड्यात त्या मुलाची ई-मेल आली. आता तो नववीत जाणार होता. "मिस, कार्ड बरोबर भिंतीवर होतं. मे महिन्यात हाऊसमध्ये २१५ विरुद्ध २१४. तुमच्या वडिलांना सांगा."

रविवारी फोनवर आप्पांना सांगितलं.

"आणि सिनेटात?" त्यांनी लगेच विचारलं.

"पन्नास-पन्नास. उपाध्यक्षांनी निर्णायक मत टाकलं."

"म्हणजे तिथेही एकच." मग जरा थांबून म्हणाले, "त्या पोराच्या आईच्या हातात किती पडले?"

"पुढच्या एप्रिलात फॉर्म भरला की कळेल, आप्पा."

"विचार हं तिला," आप्पा म्हणाले. "विसरू नकोस."